पर्यायी पावलांचा आराखडा

साहेब, वावळपाड्याचं पाणी तुम्ही अडवलंत.

तुमचं नाव मी लिहीत नाही. माझ्या सव्वीस खेपांत तुमच्या टेबलावरची पाटी तीनदा बदलली, खुर्ची मात्र तीच राहिली. म्हणून मी खुर्चीला बोलतोय. तिच्यावर सध्या जो कोणी बसला असेल त्याने ऐकून घ्यावं.

आणि एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला ती माझ्या तोंडावर फेकायची तसदी पडणार नाही. पाणी अडवायच्या कामात तुम्हाला माझी मदत झाली. मदत कसली, नव्वद टक्के काम मीच केलं. अर्ज माझा, आकडे माझे, अक्षर माझं. तुम्ही नुसता शिक्का मारलात.

मी देवराम. नववी नापास, डोंबिवलीच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं फिटर, आता रिटायर. लिहायला मला कोणी शिकवलं नाही. मी पेपरात पत्रं पाठवत गेलो आणि ते छापत गेले. आजवर एकशे बारा पत्रं छापून आली, त्यातली शंभर आमच्या कॉलनीच्या गटारावर. माझी बायको माया म्हणते, "गटार आहे तिथंच तुंबलंय, पण तुमचं अक्षर सुधारलं." असल्या माणसाला रिटायर करून घरी बसवणं हे सार्वजनिक आरोग्याला धोकादायक असतं. पण कारखान्याने तो विचार केला नाही.

सुरुवात झाली ती समोरच्या ब्लॉकमधल्या प्रभाकररावांपासून. प्रभाकरराव बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारी पट्टी असते, घड्याळासारखी. दहा हजार पूर्ण झाल्याशिवाय ते जेवत नाहीत. कमी पडली तर आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालतात आणि प्रत्येक फेरीला आमच्या दारातून आत बघून एकेक सल्ला टाकून जातात. एका फेरीला मीठ कमी करा, पुढच्या फेरीला डावीकडे झोपा. त्यांच्या मुलाच्या, सुश्रुतच्या ऑफिसात आरोग्य महिना साजरा झालेला, त्यातल्या बारा पट्ट्या उरल्या. त्या डब्यासकट त्यांनी माझ्या हातात ठेवल्या.

"देवराम, तुम्ही ग्रामीण भागासाठी काहीतरी करा. तिकडे जागृती नाही हो. आहार नाही, व्यायाम नाही."

त्यांच्या सौ. सुमतीवहिनी दारातूनच मायाला म्हणाल्या, "ग्रामीण भागाचं नंतर बघा म्हणावं. आधी यांच्या पोटाचा भाग बघा."

मी दुर्लक्ष केलं. समाजसुधारकांना बायकांकडून असला त्रास पूर्वीपासून आहे.

ग्रामीण भाग म्हणून माझ्या हाताशी एकच होता, वावळपाडा, माझी सासुरवाडी. आंबिवली स्टेशनला उतरायचं, शेअर रिक्षाने फाट्यापर्यंत जायचं आणि पुढे माझा मेव्हणा महिपत बाइकवर न्यायला येतो. महिपत ग्रामपंचायतीचा मेंबर आहे. वाडीत चाळीस उंबरे, एक बुद्धविहार, एक अंगणवाडी, वर एक मोकळं टेपाड आणि खाली उताराच्या पायथ्याला एक विहीर. सासुरवाडीत जावयाला मूर्खपणा करायला पूर्ण मोकळीक असते. कोणी अडवत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा साहेब, पुढे ते माझ्याच डोक्यात पडणार आहे.

जानेवारीत मी पहिली मोहीम काढली, आहाराची. डोंबिवलीत चांगला सहा फुटी फ्लेक्स छापून घेतला: 'आपले ताट, आपले आरोग्य'. छापणाऱ्याने त्याच्याकडे होती ती चित्रं टाकली. सफरचंद, किवी, ब्रोकोली आणि एक गुलाबी मासा, जो उल्हास नदीत कोणी पाहिलेला नाही. फ्लेक्स विहारात लावला. जय भीम वगैरे झालं, बायका जमल्या. पुढ्यात बसली होती तुळसाकाकू, म्हणजे मायाची चुलती. वय त्रेसष्ट. अंगाने अशी की माझ्या एका मांडीत दोन तुळसाकाकू बसतील.

तिने ब्रोकोलीवर बोट ठेवलं. "जावई, ह्या फुलाला काय बोलतात?"

"ब्रोकोली."

"डोक्यात माळतात?"

"नाही काकू, खातात."

तुळसाकाकूने मागे वळून बायकांकडे बघितलं. "बघा गं. शहरात पण काय काय दिवस काढतात माणसं."

तासभर व्याख्यान दिलं. तंतुमय पदार्थ, लोह, कॅल्शियम, सगळं पाठ करून गेलेलो. मग जेवायला काकूकडे. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, अंबाडीची भाजी, सुकटीची चटणी, आणि जावई आलाय म्हणून वेगळी गावठी कोंबडी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी खाताना माझ्या लक्षात आलं की लोह, कॅल्शियम आणि तंतू या क्षणी माझ्याच ताटात आहेत, आणि फ्लेक्सवर नाहीत. पण फ्लेक्सला खर्च झालेला असला की माणूस असल्या विचारांना थारा देत नाही. निघताना मी प्रत्येक घरी ओट्सचं पाकीट वाटलं.

पुढच्या खेपेला विचारलं, "ओट्स कसे लागले?"

"कोंबड्यांनी दोन दिवस खाल्ले," काकू म्हणाली. "तिसऱ्या दिवशी परत उकिरड्यावर गेल्या. पण तुमचं नाव घेतात हो."

मग व्यायामाची मोहीम. सकाळी सहा वाजता विहारापुढे सामुदायिक व्यायाम असं मी जाहीर केलं. आदल्या दिवशी मुक्कामाला गेलो, सहाला पांढरी पँट घालून शिट्टी वाजवत उभा राहिलो. आले तीन म्हातारे आणि एक कुत्रा. त्यातल्या कुत्र्याने हालचाल केली. बायका कुठे, तर पाण्याला. मी वेळ बदलून सातची केली, तेव्हा बायका दुसऱ्या खेपेला गेलेल्या. आठची केली तर लाकडांना. शेवटी वैतागून तुळसाकाकूला रस्त्यात गाठलं. तिच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी.

"काकू, तुम्ही लोक व्यायाम करता तरी कधी?"

"व्यायाम म्हंजे?"

"म्हणजे शरीराची हालचाल."

काकूने विचार केला. डोक्यावर वीस-पंचवीस किलो असताना तिने शांतपणे विचार केला, हे मी आजही विसरत नाही. "झोपते तवा थांबते," ती म्हणाली.

इथे कोणी शहाणा माणूस फ्लेक्स गुंडाळून घरी आला असता. मी पट्ट्यांचा डबा उघडला.

बारा बायकांच्या मनगटांवर, बांगड्यांच्या वर, बारा पट्ट्या बांधल्या. कोणी नको म्हटलं नाही. आकडे लिहायचं काम केलं मेघनाने. ती वाडीची आशाताई, गोळ्या वाटते, वजनं करते, कोणाला कळा सुरू झाल्या तर गाडी बोलावते, आणि या सगळ्यात भर म्हणून तिला मी मिळालो. पहिल्या आठवड्याची वही बघून मी उडालो. सोळा हजार. अठरा हजार. एक आकडा तर एकतीस हजार. त्याच्यापुढे मी लाल पेनाने 'शाब्बास' लिहिलं.

"ती शेळी आहे भावोजी," मेघना म्हणाली. "कामात पट्टी फुटेल म्हणून एका मावशीने शेळीच्या गळ्यात बांधलेली."

शेळी वगळून सरासरी आली सतरा हजार तीनशे बारा. आमचे प्रभाकरराव दहा हजारांसाठी पॅसेज झिजवतात, आणि इथे माझी सासुरवाडी सतरा हजारांवर. माझी छाती फुगली. तेवढ्यात मेघनाने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून तीही मोजली. त्या दिवशी तिने वाडीतल्या एकूण एक मोठ्या माणसाचं ब्लड प्रेशर तपासलेलं. सगळ्यांचं बरं होतं. माझं निघालं एकशे सत्तर.

"भावोजी, तुम्ही बसा," ती म्हणाली. "बोलू नका थोडा वेळ."

तिच्या रजिस्टरमध्ये 'जोखमीचे रुग्ण' या रकान्यात त्या महिन्यात एकच नाव आहे, माझं. वजन केलं तेव्हा कळलं की आहाराच्या मोहिमेत वाडीतल्या कोणाचंही वजन ग्रॅमभर हललं नाही, माझं चार किलो वाढलं. जावयाच्या कोंबड्या.

मायाने चालायचा हुकूम काढला. म्हणून एका सकाळी मी रिकामी कळशी घेऊन तुळसाकाकूबरोबर विहिरीला निघालो. उतार सोपा होता. विहिरीवर पोचेपर्यंत मी तिला श्वासाचं महत्त्व समजावून सांगितलं. परत येताना मात्र चढ. कळशी भरलेली. अर्ध्या वाटेवर मी एका दगडावर बसलो आणि आयुष्याबद्दल विचार करू लागलो, म्हणजे राहिलेल्या आयुष्याबद्दल. काकूने माझी कळशी आपल्या कमरेवर घेतली. डोक्यावर हंडा होताच. उजवा पाय टाकताना ती ओठ दाबते, हे मला तेव्हा दिसलं.

"गुडघा?"

"हां. बोलतो तो. मी काय लक्ष नाय देत."

"किती खेपा?"

"पाच. पाहुणा असला तर सहा."

पाहुणा मीच होतो. मला महिपतने बाइकवर घालून वर नेलं.

साहेब, मी माझ्या डोळ्यांनी सगळं बघितलं. तरी सांगतो, तेव्हा मला पाणी दिसलं नाही, पावलं दिसली. माणसाच्या हातात एकदा मोजायचं यंत्र आलं की त्याला यंत्रात येतं तेवढंच दिसतं. ही म्हण नाही, माझ्यावरचा आरोप आहे. त्यावर मी सही करायला तयार आहे.

मार्चमध्ये पेपरात तुमच्या आरोग्य खात्याची जाहिरात आली. 'आरोग्यसंपन्न वाडी' स्पर्धा. अकरा पानांचा अर्ज. मी तो प्रभाकररावांच्या डायनिंग टेबलावर बसून भरला. ते सल्ले देत होते, सुमतीवहिनी चहा देत होत्या, चहाचा उपयोग झाला. रकाना चौदा: 'महिलांची दैनंदिन सरासरी पावले'. आठ हजारांना पूर्ण गुण. मी १७,३१२ लिहिलं. 'कशामुळे?' असा पोटप्रश्न होता. तिथे मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'पैकी सुमारे ११,००० पावले पाणी आणण्याच्या पारंपरिक व्यायामामुळे.'

पारंपरिक व्यायाम. हे दोन शब्द माझे. प्रभाकरराव म्हणाले, "वा, काय लिहिता हो तुम्ही." सुमतीवहिनी कप उचलत म्हणाल्या, "आमच्याकडे नळाला दोन दिवस पाणी नसलं की त्याला पाणीटंचाई म्हणतात." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रकाना एकोणीस: 'मोकळी, सपाट, शासकीय जागा उपलब्ध आहे काय?' हे मात्र विचारायला मी वाडीत गेलो. विहारात बैठक घेतली आणि विचारलं. तुळसाकाकूने महिपतकडे बघितलं. महिपतने जमिनीकडे बघितलं.

"हाय ना भावोजी," तो शेवटी म्हणाला. "वरचं टेपाड."

टेपाडावर जाऊन बघतो तर जागा उत्तम. चार कोपऱ्यांना चार दगड आणि मध्ये फक्कीच्या पुसट रेघा.

"हे काय आखलंय?"

"कायतरी मोजणी झालेली मागं," महिपत म्हणाला, आणि बाइकला किक मारायला लागला. ती बटणावर सुरू होते. तरी किक मारत होता.

मला वाटलं, खोखोचं मैदान असेल. अर्जात 'होय' वर टिक केली.

एप्रिलमध्ये तुमची तपासणी समिती आली. तुमचा या आकड्यांवर विश्वास नव्हता. "हे आकडे मॅरेथॉनचे आहेत," असं तुमचे एक गृहस्थ जीपच्या खिडकीतून म्हणाले. मी म्हटलं, साहेब, उतरा, काकूबरोबर एक खेप करा, स्वतः मोजा. त्यांनी खाली विहिरीकडे बघितलं, वर उन्हाकडे बघितलं आणि आकडे मान्य केले. समितीने ताडगोळे खाल्ले. बरोबर आणलेल्या बाटल्यांतलं पाणी प्यायले. रिकाम्या बाटल्या वाडीत ठेवून गेले, त्यांचा वाडीला उपयोग झाला. स्पर्धेतून वाडीला मिळालेला तेवढाच फायदा, म्हणून नोंद केली.

मेमध्ये निकाल. वावळपाडा जिल्ह्यात दुसरा. ठाण्याला मोठ्या हॉलमध्ये समारंभ, मला शाल. मी भाषणात 'पारंपरिक व्यायाम' तीनदा म्हटलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत तुळसाकाकू नव्या लुगड्यात बसलेली, तीही टाळ्या वाजवत होती. आता आठवलं की मला ती शाल टोचते.

बक्षीस होतं ओपन जिम. सात यंत्रं, निळी-पिवळी. तुमचे लोक आले आणि टेपाडावर, त्या चार दगडांच्या बरोबर आत, सिमेंटात गाडून गेले. त्यात एक चालायचं यंत्र आहे. त्यावर उभं राहून पाय पुढेमागे करायचे. माणूस भरपूर चालतो आणि कुठेच पोचत नाही. तुळसाकाकू चढून दहा-बारा पावलं टाकून उतरली.

"चांगलं हाय," म्हणाली. "फक्त पाणी नाय ते लागत शेवटी."

आठवड्याने त्यावर गोधड्या वाळत पडल्या. महिपतच्या बायकोने पोटाच्या यंत्रापासून शेजारच्या यंत्रापर्यंत लुगडी वाळवायची दोरी बांधली. मी रागावलो, मग मोजलं. निदान सातातली तीन यंत्रं वापरात आली.

आणि मग मेच्या अखेरीला एक जेसीबी आला.

मी तिथेच होतो, जिमच्या शेजारी माझ्या फोटोचा फ्लेक्स बांधत होतो. जेसीबीच्या मागे ट्रक, ट्रकात सळया. कंत्राटदार उतरला, हातातला नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. "टाकी इथं आहे," तो म्हणाला. "हे काय बसवलंय?"

"कसली टाकी?" मी विचारलं.

पाण्याची टाकी. मागच्या वर्षी मंजूर झालेली. खालच्या विहिरीतून पंपाने वर चढवायचं आणि प्रत्येक दारात नळ. टेपाडावर, कारण वाडीत उंच आणि सपाट असं तेवढंच. चार दगड टाकीचे, फक्की टाकीची. कंत्राटदाराने फोटो काढला, कोणाला तरी फोन लावला, "साहेब, जागेवर व्यायाम आहे," म्हणाला आणि जेसीबी, ट्रक, सळया घेऊन गेला. तो आजपर्यंत परत आला नाही.

मी महिपतला धरलं. माझं ब्लड प्रेशर त्या वेळी मोजायला हवं होतं.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं भावोजी."

"मग भर बैठकीत तोंड का नाही उघडलंत? मी काय वाघ होतो?"

महिपत जिमच्या एका खांबाला टेकून उभा राहिला. "भावोजी, तुमचं लग्न झालं तवा मी सातवीत होतो. आमच्या बापाने तुम्हाला घड्याळ द्यायचं ठरवलेलं. उसनवारी करून आणलेलं. तुम्ही मांडवात उभं राहून भाषण केलंत, की मला काय नको, मी माणूस म्हणून मुलगी मागायला आलोय. घड्याळ परत दिलंत. बापाने ते दुकानात परत केलं आणि घरी येऊन रडला. एकतीस वर्षं तुम्ही ह्या वाडीकडं काय मागितलं नाय. ह्या वेळेला पहिल्यांदा मागितलंत. जावयाने एक टेपाड मागितलं तर नाय कसं बोलायचं?"

"अरे, पण पाणी..."

"आम्हाला वाटलं, तुम्ही शिकलेले. सरकार तुमचं ऐकेल. टाकी दुसरीकडं बसवतील."

शिकलेले. नववी नापास. साहेब, मी आयुष्यात एकच मोठं भाषण केलं ज्याचा मला अभिमान होता, ते मांडवातलं. त्या भाषणाने वाडीची टाकी खाल्ली.

तुळसाकाकूकडे गेलो. ती मला पाणी द्यायला उठली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "घ्या. सहावी खेप तुमचीच हाय." टाकीबद्दल एक शब्द बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी दोन घास जेवलो असतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझी कोंबडी ताटात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन मी टेपाडावर गेलो. चौतीस वर्षं फिटर होतो, सात यंत्रं म्हणजे दुपारपर्यंतचं काम. बघतो तर प्रत्येक नट बोल्टाला वेल्डिंगने चिकटवलेला, वर रंगाचे दोन हात. सरकारी कामात इतकं पक्कं काम मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या कॉलनीचं गटार या माणसाकडून बांधून घ्या. पाना घसरला, अंगठा फुटला आणि मेघनाने रजिस्टरमध्ये माझी दुसरी नोंद केली.

मग तुमच्याकडे खेपा सुरू झाल्या. पहिली जूनमध्ये. कल्याणच्या कार्यालयाने सांगितलं, टाकी पाणीवाल्यांची, जिम आरोग्यवाल्यांची, ठाण्याला जा. ठाण्यात पाणीवाले म्हणाले, जागा मोकळी करून द्या, उद्या बांधतो. आरोग्यवाले म्हणाले, बक्षीस पाच वर्षं हलवता येत नाही. दोघांची टेबलं एकाच मजल्यावर, मध्ये एक कपाट. मी म्हटलं, कपाट सरकवून एकमेकांशी बोला. ते म्हणाले, कपाट तिसऱ्या विभागाचं आहे.

मायाने रिक्षा बंद केलेली. "चालत जा, डॉक्टरने सांगितलंय," म्हणून ठाणे स्टेशनपासून तुमच्या दारापर्यंत मी चालत येत होतो. प्रभाकररावांनी स्वतःची जुनी पट्टी माझ्या मनगटाला बांधली. "देवराम, तेवढंच आरोग्य," म्हणाले. सुमतीवहिनींनी यावेळी काही टोमणा मारला नाही. डब्यात थालीपीठ दिलं. बाई मला माफ करतायत की माझी कीव करतायत, हे मी विचारलं नाही.

सव्विसाव्या खेपेला तुमचं लेखी उत्तर मिळालं. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ आहे. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण स्वतः सादर केलेल्या माहितीनुसार सदर वाडीतील महिलांची दैनंदिन सरासरी १७,३१२ पावले असून पैकी ११,००० पावले पाणी आणण्याच्या पारंपरिक व्यायामातून साध्य होतात. नळजोडणी झाल्यास सदर पावले ६,३१२ इतकी घटून विहित ८,००० पावलांच्या उद्दिष्टापेक्षा कमी होतील. सबब व्यायाम साहित्य स्थलांतरित करण्याच्या विनंतीसोबत, कमी होणाऱ्या पावलांची पूर्तता कशी करण्यात येईल याचा पर्यायी पावलांचा आराखडा जोडावा, जेणेकरून प्रकरणी विचार करणे सोयीचे होईल.'

मी विहारात ते मोठ्याने वाचून दाखवलं. बायकांना अर्धं कळलं नाही. मेघनाला सगळं कळलं. ती खाली मान घालून हसत होती, मग हसायची थांबली.

तुळसाकाकूने विचारलं, "म्हंजे नळ आला तर आम्ही आजारी पडू, असं बोलतात काय ते?"

"साधारण तसंच."

"मंग ते कसे काय नाय पडत?"

साहेब, या प्रश्नाचं उत्तरही सोबत पाठवा.

तर हा माझा आराखडा. नीट भरलाय, अकरा पानांची गरज पडली नाही. नळ आल्यावर प्रत्येक बाईला रोज १,६८८ पावलं कमी पडणार. पट्टीवाल्या बारा बायकांची मिळून रोजची तूट २०,२५६. माझ्या तुमच्याकडे सव्वीस खेपा झाल्या, एका खेपेला सरासरी सहा हजार दोनशे, एकूण एक लाख एकसष्ट हजार दोनशे पावलं. पट्टीत नोंद आहे, शेळी नाही, मीच आहे. ही सगळी पावलं मी वावळपाड्याच्या बायकांच्या नावे करून देतो. त्यात जेमतेम आठ दिवसांची तूट भरून निघते. नवव्या दिवसापासूनची पावलं तुम्ही घाला. वाडीत या, चाला, जागा बघा. खाली विहिरीपर्यंत जीप जात नाही, त्यामुळे उद्दिष्ट लवकर पूर्ण होईल.

तुमच्या खेपांमुळे माझं ब्लड प्रेशर एकशे चौतीसवर आलंय आणि वजन सहा किलो उतरलंय. 'आरोग्यसंपन्न वाडी'त तुम्ही एक माणूस खरोखर बरा केलात, तो डोंबिवलीचा निघाला. त्याबद्दल आभार.

आता नोव्हेंबर आहे. विहीर अजून भरलेली आहे. मार्चला तिचा तळ दिसतो, मग पाच खेपांच्या आठ होतात, कारण दोरीला अर्धाच हंडा येतो. पट्टीवर आकडा वाढेल आणि तुम्ही कदाचित पहिला नंबर द्याल. तुळसाकाकूच्या पट्टीचा आकडा मात्र या महिन्यात तीन हजारांवर आलाय. गुडघ्याने काम सोडलं. तिची सून आता दोघींच्या खेपा करते, सरासरी तेवढीच राहते, त्यामुळे तुमच्या कागदावर काहीच झालेलं नाही. काकू दारात बसते. समोर टेपाड, टेपाडावर सात यंत्रं. मी गेलो की सुनेला सांगते, जावयाला पाणी दे. टाकी कधी, हे ती मला विचारत नाही. महिपत विचारत नाही. चाळीस उंबऱ्यांतलं कोणीच विचारत नाही, आणि मेलं तरी विचारणार नाही, कारण मी जावई आहे.

तुम्ही या वाडीचे जावई नाही. म्हणून तुम्हाला विचारतो.

टाकी कधी बांधता? तारीख कळवा.